चक्की चालू असताना

टप्, टप्. मग क्षणभर काही नाही. मग पुन्हा टप्, टप्. लॉन्ड्रीच्या रांगेत ऑर्विल क्रेब्सच्या पुढं उभा असलेला आडदांड माणूस उघड्या पंजानं स्वतःच्या टाळूवर थापा मारत होता. जोरात नाही, परक्याच्या दारावर संकोचानं वाजवावं तितपत. शनिवारी क्रेब्सचा जाहीर सत्कार होता. त्यासाठी धुवायला टाकलेला करडा सूट न्यायला तो आला होता आणि मनात भाषणाचं दुसरं वाक्य घोळवत होता. ते तिथंच तुटलं. पाठीवरून माणूस ओळखणं हा त्याचा आयुष्यभराचा धंदा. चाळीस वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून त्यानं पोरांच्या पाठीच बघितल्या होत्या. चेहरे हेल्मेटात असायचे. ही पाठ आता बेढब झाली होती, मानेवर चरबीच्या वळ्या आल्या होत्या, पण डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता तो तसाच. टिब. टिबोर सबाडोश. नंबर चौसष्ट. सूट गेला खड्ड्यात, निघून जावं, असं त्याला वाटलं, पण तो रांगेतच राहिला.

शेजारच्या किडकिडीत बाईनं त्या माणसाचं मनगट धरून सवयीनं खाली ओढलं. "हात खाली, टिब," ती म्हणाली आणि सहज मागं वळली. "अगं बाई! कोच क्रेब्स तुम्ही? मी मार्गिट. टिबची मोठी बहीण. टिब, अरे बघ तरी कोण आहेत!"

टिबनं वळून बघितलं. त्याची नजर क्रेब्सच्या चेहऱ्यावरून रिकाम्या भिंतीवरून फिरावी तशी फिरली. "नमस्कार, सर," तो शहाण्या मुलासारखा म्हणाला, आणि हात पुन्हा वर गेला. टप्, टप्.

"हे... हात... कधीपासून?" क्रेब्सनं विचारलं.

"तेव्हापासूनच की. मधे कमी झालं होतं. या उन्हाळ्यापासून पुन्हा दिवसभर चालू. झोपेतसुद्धा, काय सांगू!" मार्गिट तक्रार करत नव्हती, हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होती. "एक डॉक्टर म्हणतो बापाच्या दारूचं आहे हे, रक्तात उतरलंय. दुसरी बाई आहे विद्यापीठातली, ती म्हणते डोक्याला मार. दोघांच्या भांडणात याच्या गोळ्या बदलतायत नुसत्या. परवा दोन दिवस उठलाच नाही. आता ती बाई म्हणते, त्या मॅचची फिल्म बघायला मिळाली तर किती वेळा लागलं, कुठून लागलं ते कळेल, मग मी ठामपणे सांगते. मी म्हटलं, असणारच हो! कोचनी आयुष्यात फिल्मचा तुकडा कधी फेकलेला नाही."

"शोधतो," क्रेब्स म्हणाला.

"शोधायचंय काय त्यात? तुमच्याकडे सगळं वर्षवार लावलेलं असतं, अख्ख्या टोलेडोला माहीत आहे. गुरुवारी दुपारी येऊ? ते दाखवायचं यंत्रही असेल तुमच्याकडे."

या म्हणाला तो. न म्हणून करतो काय! घरी पोचल्यावर बायकोनं, आर्डिसनं, विचारलं, "सूट कुठाय?" तेव्हा त्याला कळलं की आपण सूट न घेताच परत आलो. "झालं! शनिवारी पायजम्यावर जा आता सत्काराला," ती म्हणाली आणि हसली. त्याला हसता आलं नाही. येताना पुलावर, खाली मॉमी नदीचं तपकिरी पाणी असताना, मागची गाडी आपल्याच पाठलागावर आहे असं त्याला वाटलं होतं. ती दूधवाल्याची गाडी होती. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आणि दुधाच्या गाडीला घाबरला. पण भीती ही अशीच असते, आत एकदा शिरली की तिला काहीही पुरतं. फोनची घंटा, तळघराच्या जिन्याचं दार, भिंतीवर लावलेले संघांचे फोटो. त्या फोटोंकडे पाठ करून तो जेवला. कोबीच्या पानांत गुंडाळलेलं मटण होतं, त्याच्या आवडीचं. चार घास खाल्ले आणि ताट सारलं.

सगळे म्हणायचे की क्रेब्सनं काहीतरी नवीन शोधून काढलं. शोध कसला, त्यानं फक्त उसंत काढून टाकली. हा फुटबॉल पायाचा नव्हे, खांद्यांचा. लंबुळका चेंडू घेऊन समोरच्याच्या अंगावर जायचं, चीत व्हायचं, की एक चाल संपली. मग अकरा पोरं कडं करून डोकी जुळवणार, पुढच्या चालीची कुजबुज करणार, तेवढ्यात अर्धा मिनिट श्वास घेणार. शंभर वर्षं असंच चाललेलं. तरुणपणी एका उन्हाळ्यात क्रेब्स बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होता. तिथं पट्ट्यावरून तापलेल्या बाटल्या येत राहायच्या, येतच राहायच्या. शेजारच्याचा हात भाजला तरी बाटल्या यायच्या. ओळ थांबली तर मुकादमाची नोकरी जायची, म्हणून ओळ कधी थांबायची नाही. त्यातनं त्याला ते सुचलं. कडं करायचंच नाही! चाल संपली की पोरांनी उठायचं, जागेवर उभं राहायचं, कोचच्या हाताकडे बघायचं. हातानं खूण, तोंडानं आकडा. कितवी चाल आहे ते अकराच्या अकरा जणांनी मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे खूण आणि चाल यांची गल्लत व्हायची नाही. एक! दोन! तीन! समोरचे धष्टपुष्ट गडी चौथ्या चालीला धापा टाकायला लागायचे, सहाव्याला कमरेवर हात ठेवायचे. गावानं याला नाव दिलं चक्की. आणि चक्कीचा नियम एकच: चक्की चालू असताना कोणी बाहेर येत नाही. एक गडी बदलला की खेळ थबकतो, खेळ थबकला की समोरचेही ताजे गडी आत घालतात, मग केलेलं सगळं मुसळ केरात. दुसरीकडे कुठंही पोराला बरं वाटेनासं झालं की तो हेल्मेटवर दोन थापा मारायचा, मला बाहेर घ्या, एवढाच त्याचा अर्थ, आणि कोच त्याला बाहेर घ्यायचा. क्रेब्सच्या संघात थापा मारायच्या नाहीत. "थाप मारायची तर पाहुण्यांना मारा," तो म्हणायचा आणि पोरं खो-खो हसायची. पोरांचं काय, त्यांना तो देव वाटायचा. त्याला स्वतःलाही अधूनमधून वाटायचं, खोटं कशाला बोला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात शाळेची ती मॅच होती. थंडी अशी की शिट्टी ओठाला चिकटत होती. शेवटची फेरी, चार गुणांनी मागे, अकरा चालींचं अंतर. विद्यापीठाचा माणूस वरच्या बाकावर वही घेऊन बसला होता आणि तो पोरांसाठी नव्हे, कोचसाठी आलाय हे क्रेब्सला माहीत होतं. सहाव्या चालीला एकमेकांवर पडलेल्या पोरांचा ढीग उठला आणि टिब सगळ्यांत शेवटी उठला. उठला तो उलट्या दिशेला तोंड करून. कुणीतरी त्याला खांद्याला धरून फिरवलं. मग तो वळला, थेट कडेला, क्रेब्सकडे बघितलं. दहा पावलांवर. हेल्मेटच्या जाळीतून डोळे दिसले असं क्रेब्सला नंतर कित्येकदा आठवायचं, पण इतक्या लांबून डोळे दिसले असतील का? हात मात्र दिसला. वर गेला, टप्, टप्. आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, चार हजार माणसं ओरडत होती. आणि क्रेब्सनं काय केलं? विचार केला, असं तर म्हणता येणार नाही. विचाराला वेळ लागतो आणि चक्कीत वेळ नव्हता. त्यानं हात लांब करून पंजा पालथा खाली दाबला. हात खाली. पोरानं हात खाली घेतला. पोरगं आज्ञाधारक. सात! अकरा जण ओरडले. दहाच ओरडले की काय कुणास ठाऊक. अकराव्या चालीला चेंडू रेषेपार गेला, बाया-माणसं कुंपण ओलांडून आत घुसली, आणि त्या दंग्यात टिब बाकाजवळ गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. तीन आठवडे दवाखान्यात होता. गाव म्हणालं, खेळात होतं असं. टिबची आई म्हणाली, देवाची इच्छा. क्रेब्स सह्या केलेला चेंडू घेऊन भेटायला गेला तेव्हा त्या माउलीनं त्याचे हात हातात घेतले. ते हात त्याला सोडवून घ्यावेसे वाटले होते.

मॅचनंतरच्या शनिवारी सकाळी फिल्म धुऊन आली. शाळेच्या सामानखोलीत, दार लावून, त्यानं ती एकट्यानं बघितली. चाल कडेजवळ झाली होती म्हणून ते सगळंच चौकटीत आलं होतं: पोराचा हात, दोन थापा, आणि डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या टोपीखालून निघालेला एक लांब हात, पंजा पालथा, खाली. मग सातवी चाल, टिबच्या डोक्यावर पुन्हा गुडघा. त्यानं ते नऊ वेळा उलटसुलट चालवलं. मग कात्री घेतली. स्वतःला सांगितलं की ही फिल्म रिवाजाप्रमाणं सोमवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे पाठवायचीय, त्याला आपल्या खुणा कशाला दाखवा. खरं तर या धंद्यात लोक एकमेकांचे दात पाडतील पण फिल्म काटछाट न करता पाठवतील, ही आण सगळे पाळायचे. त्यानं ती मोडली आणि जोड असा सफाईदार मारला की पुढच्या कोचला पत्ता लागला नाही. कापलेली चार-पाच हात लांब पट्टी, सातव्या चालीसकट, मात्र कचऱ्यात टाकवेना. कोच फिल्म फेकत नाही. पाइपच्या तंबाखूचा रिकामा डबा होता, त्यात ती गुंडाळून ठेवली आणि तळघरातल्या फळीवर मागच्या बाजूला सरकवली. विद्यापीठाचं बोलावणं नाताळच्या आधीच आलं. मग मोठी मैदानं, मोठी नावं, चक्कीवर लेख, चक्की शिकायला दुरून आलेले तरुण कोच. आता दर शनिवारी टीव्हीवर देशभर तेच चालतं. कडं नाही, उसंत नाही, पोरं धापा टाकत कडेला बघतायत. लोक चेंडू बघतात. क्रेब्स हात बघतो. कुणाचा हात वर जातोय का ते बघत राहतो, आणि मग टीव्ही बंद करतो. माझ्याकडे किती पोरं होती एकूण, हे त्यानं लॉन्ड्रीतल्या भेटीनंतर त्या आठवड्यात पहिल्यांदा मोजायला घेतलं. फोटोंसमोर न जाता, अंथरुणात पडून. नावं येत होती, ड्वाइट, लेस्टर, तो तांबड्या केसांचा, आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्याला हात दिसायचा. त्यांनीही कधी वर केला होता का? मी बघितला नसेल का? न बघितलेल्यांचा हिशेब कुठं ठेवतात? शंभराच्या अलीकडेच तो घाबरून उठून बसला.

बुधवारी आर्डिसच सूट घेऊन आली. तो आरामखुर्चीत, तळघराच्या दाराकडे बघत बसला होता. "खाली जायला भितोस होय रे?" तिनं सूट खुंटीला अडकवत विचारलं.

"जिना उंच आहे."

"जिना तेवढाच आहे." ती समोर येऊन बसली. "ऑर्विल, तेहतीस वर्षं मी त्या फळीवरची धूळ पुसते. डबा उचलते, पुसते, ठेवते. तंबाखू तू पंच्याहत्तरलाच सोडलीस."

त्याला वाटलं, आता छातीत काहीतरी होणार. काही झालं नाही. "बघितलंस?"

"एकदा उजेडाला धरून बघितली पट्टी. खेळातलं मला काय कळतंय कर्माचं! एक पोरगं आणि एक हात. हात तुझा, एवढं कळलं. तुझा हात मी ओळखणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू बोलशील. मग विद्यापीठाचं आलं, मोठं घर आलं, पोरींची लग्नं आली. मीही त्याच घरात राहिले ना?" तिनं उठून खुंटीवरच्या सुटाचे हातोपे उगाच सारखे केले. "उद्या मी कॉफी करीन आणि केक कापीन. पुढचं तुझं तू बघ, बाबा."

गुरुवारी दुपारी तीनला ते आले. टिबनं दारात पाय पुसले, दोनदा, नीट. तळघरात क्रेब्सनं चार खुर्च्या मांडल्या होत्या, प्रोजेक्टरला तेल दिलं होतं, वर्षाची चिठ्ठी लावलेलं शेवटच्या फेरीचं रीळ चढवलं होतं. कापलेलं रीळ. पट्टी स्वेटरच्या खिशात होती आणि खिसा त्याला जड लागत होता. रात्रभर त्यानं ठरवलं होतं की दाखवायचं, सकाळी ठरवलं होतं की नाही. या वयात कुणाचं काय भलं होणार आहे त्यातनं? शनिवारी सगळा संघ येणार, नातवंडं येणार, मैदानाला माझं नाव देणार. त्यांच्यासमोर तो पालथा पंजा? त्याला मरायची एवढी भीती नव्हती जेवढी त्या एका हाताची. मार्गिटनं वही उघडली. त्यानं दिवा मालवला.

मुकी फिल्म. काळीपांढरी पोरं वाफ सोडत उभी राहिली. क्रेब्सच्या मागून अचानक आवाज आला, "एक!" टिब होता. पहिली चाल झाली. "दोन!" टिब ताठ बसला होता, हात मांडीवर. लॉन्ड्रीत क्रेब्सला न ओळखणारा माणूस प्रत्येक चालीला, तिच्या ठेक्यावर, अचूक आकडा म्हणत होता. मार्गिट थक्क होऊन भावाकडे बघत राहिली, फिल्मकडे नाही. "चार! पाच!" असं मोजायला क्रेब्सनंच शिकवलं होतं. पावसात, चिखलात, चुकलेल्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावून. आणि कात्री चालवताना हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं! प्रतिस्पर्ध्याला फसवलं होतं, आपल्या पोरांना कसं फसवणार? "सहा!" ढीग पडला, ढीग उठला, सफाईदार जोड डोळ्याच्या पापणीइतका लवला, आणि पोरं पुन्हा रांगेत उभी. टिबनं तोंड उघडलं. मिटलं.

"ही आठ आहे," तो म्हणाला. "कोच, सात राहिली."

कोच म्हणाला. ओळखलं त्यानं.

"अरे, रीळ संपलं असेल तेव्हा, टिब," मार्गिट समजुतीनं म्हणाली. "कॅमेऱ्यात असं होतं. हो ना, कोच?"

सुटकेचं दार उघडं होतं. तिनंच उघडून दिलं होतं, भाबडेपणानं. नुसतं हो म्हणायचं. जिन्यावर आर्डिस कॉफीचा ट्रे घेऊन थांबली होती, कपबशांचा किणकिणाट बंद झाला होता. क्रेब्सनं यंत्र थांबवलं, दिवा लावला. "मी कापली होती," तो म्हणाला. खिशातून पट्टी काढून त्यानं टेबलावर जुनी जागा शोधली, जोड सोडवला. बोटं जोडकामाला सराईतासारखी लागली. बोटांना लाज नसते. त्यानं रीळ पुन्हा चढवलं आणि दिवा मालवला.

सहा. ढीग उठला. नंबर चौसष्ट उलट्या दिशेला उठला, कुणीतरी त्याला फिरवलं. हात वर गेला. टप्, टप्. कोपऱ्यातून तो लांब हात आला, पालथा, खाली. सात. गुडघा. मग आठ, नऊ, दहा, अकरा, आणि शेवटी बाकाजवळ खाली बसणारं पोर, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पांढरा पडदा फडफडला. या वेळी टिबनं एकही आकडा म्हटला नव्हता.

"म्हणजे दोनदा लागलं," मार्गिट हळूच म्हणाली. तिनं वहीत लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, "आणि तो हात कुणाचा?"

"माझा."

तिनं ते लिहिलं नाही. ओरडलीही नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "तेहतीस वर्षं मी त्याला हात खाली घे म्हणतेय," ती म्हणाली. "दिवसातनं शंभरदा. मीसुद्धा." आणि तिनं तोंडावर वही धरली.

टिब उठून उभा राहिला होता. तळघराच्या ठेंगण्या छताखाली, पडद्याच्या उजेडात, डावा खांदा बोटभर खाली. तो क्रेब्सकडे बघत होता, रिकाम्या भिंतीकडे बघितल्यासारखं नव्हे. हात वर गेला. दोन थापा. आणि हात तिथंच ठेवून तो वाट बघत राहिला.

क्रेब्सचा उजवा हात आपोआप हलला. त्यानं तो डाव्या हातानं घट्ट धरला. "बाहेर ये, टिब," तो म्हणाला. "ये, पोरा. झालं. बाहेर ये."

टिबच्या कपाळाला आठी पडली. त्यानं मान हलवली, नवख्या पोराला समजावावं तशी, प्रेमानं. "चक्की चालू आहे, कोच," तो म्हणाला. "चालू असताना कोणी बाहेर येत नाही." मग स्वतःच दुसऱ्या हातानं आपला हात डोक्यावरून खाली ओढला, खुर्चीत बसला, आणि पुढची खूण कुठली येते ते बघण्यासाठी क्रेब्सच्या हातांवर नजर लावली. क्रेब्सला हात कुठं ठेवावेत ते कळेना.